गवत मेलं नव्हतं, ताई

नमस्कार ताई. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागतो. नर्सरीतल्या पोराने तुमचे दोन फोन उचलले नाहीत, ही चूक आमचीच.

पण 'कुसळी गवताचे सहाच्या सहा ठोंब महिन्याभरात मेले, ५४० रुपये पाण्यात, जांभळं पेनिसेटम गवत तेवढं जगलं' असं आमच्या नर्सरीच्या रिव्ह्यूत चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. तुम्ही आलात नोव्हेंबरच्या शेवटी. तेव्हा ठोंबांना तांबूस कुसळं आली होती आणि ती आवडली म्हणूनच तुम्ही ते निवडलेत. कुसळं धरली, बी पडलं की हे गवत वरून वाळतं. सासवडकडच्या माळावर जानेवारीत चक्कर मारा, सगळं असंच पिवळं दिसेल. पाऊस पडला की जुन्या बुडातूनच हिरवं फुटतं. पेनिसेटम मूळचं आफ्रिकेतलं, आपल्याकडे पाणी मिळालं की बाराही महिने रंग धरतं. दोन्ही गवतंच, पण स्वभाव वेगळे. हे मी त्या दिवशी गाडीत कुंड्या ठेवताना सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात, पण मान हलवलीत.

तुम्ही टाकलेला दुसरा फोटो जरा मोठा करून बघा. ठोंब उपटून कचऱ्याच्या बादलीत टाकलाय आणि बुडाशी दोन फुटवे हिरवेगार आहेत! तो फोटो बघून माझ्या बायकोला रात्रभर झोप नाही. बी गोळा करण्यापासून ठोंब भरेपर्यंत तिचे हात असतात त्यात. (रस्त्याकडेला फुकट मिळतं म्हणालात. मिळतं, पण तिथून उपटून आणलेलं आम्ही विकत नाही.)

कुसळं पडद्यांना आणि मुलाच्या मोज्यांना चिकटली, ते मात्र आधी सांगायला हवं होतं, चुकलंच. आता एखादी पाटी लावू म्हणतो.

आमचा वर्षाचा धंदा जून ते ऑगस्ट. त्याच्या तोंडावर हा एक स्टार वर दिसतोय, आणि काल एका गिऱ्हाइकाने तो दाखवून भाव पाडून मागितला. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. दोन ठोंब बाजूला काढून ठेवलेत, पैसे नकोत, येऊन घेऊन जा. आत्ता तेही वाळलेलेच आहेत, तेवढं लक्षात असू द्या.