अहो, मी समोरच बसलेय!

"तिला कशाला उगाच त्रास?"

आज मीटिंगमध्ये साहेब हे बोलले. 'तिला' म्हणजे मला. मी समोरच, वही उघडून बसलेली. माझ्याकडे न बघता, मला एका शब्दाने न विचारता, कॅन्सरच्या आजारपणाआधी मीच उभं केलेलं काम सरळ शेजारच्या पोराला देऊन टाकलं. वर सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो ओथंबणारा कळवळा. एकाने तर मान डोलावून "हो हो, तब्येत महत्त्वाची" असंही म्हणून घेतलं. माझी तब्येत, माझं काम, आणि ठरवणार हे!

मला काय दिलं? जुन्या फायली लावायच्या. त्या वरच्या कप्प्यातल्या. काखेतल्या गाठी काढल्यात माझ्या, तो हात सुजतो, जड उचलायचं नाही हे डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि तो कागद यांच्याकडेच पडलाय. म्हणजे डोकं चालवायचं काम झेपणार नाही, हमाली झेपेल. वा!

आणि कळस पुढेच. जेवणाच्या सुट्टीनंतर तो पोरगा हळूच आला. "मॅडम, हे जरा समजावून सांगता का?" दीड तास समजावलं. हो, समजावलं, कारण ते काम बिघडलेलं मला बघवत नाही. त्रास नको म्हणून काढून घेतलेलं काम मीच करायचं, फक्त खाली नाव त्याचं. पोरगा बिचारा चांगला आहे, म्हणून धड ओरडताही येईना.

बरं, ही काळजी सहा वाजेपर्यंतच टिकते. सहाला उठले की हेच साहेब घड्याळ बघून म्हणतात, "आता तर बरी झालीस ना?" एक काय ते ठरवा! मी काचेची आहे की ठणठणीत आहे? मधलं काही नसतंच का? उपचार संपले म्हणजे सगळं संपलं असं वाटतं लोकांना. रोजची गोळी पाच वर्षं आहे, कदाचित दहा. दर काही महिन्यांनी तपासणी. त्याच्या आधीचा आठवडा माझ्या वाटेला कुणी जाऊ नये, घरचे जातही नाहीत. रजा टाकली की मात्र इकडे, "अजून चालूच आहे का?"

थकव्याबद्दल तर बोलायचीच सोय नाही. "आम्हीपण दमतो गं, लवकर झोपत जा." झोपून जाणारा थकवा असता तर मी कधीच ताजीतवानी झाले असते, बाई! "साखर बंद केलीस का?" "पॉझिटिव्ह राहा." "वजन उतरलं, छान दिसतेस." "सुट्टी बरी मिळाली तुला, मोठी." आणि ती एक, जिच्या आत्याच्या नणंदेला अगदी हेच झालं होतं आणि ती गेली. हे मला जिन्यात गाठून सांगितलं.

तर मीटिंगमध्ये मी गप्प नव्हते बसले. ताडकन उठले. म्हटलं आज एकेकाला सुनावतेच. "गेल्या वर्षी हे सगळं मी स्वतः त्या... त्या..." आणि शब्द गायब. केमोनंतर हे असं होतं, ऐन वेळी जिभेवरचा शब्द पळतो. "त्या भिंतीवर चित्र पाडणाऱ्यावर दाखवलं होतं!" सगळे गंभीर चेहऱ्याने भिंतीकडे बघायला लागले. मलाच हसू फुटलं. भाषणाचा पार बोऱ्या वाजला. त्यात नेमकी तेव्हाच गोळीची कृपा झाली, अंगातून वाफा, चेहरा लालबुंद. साहेबांना वाटलं, केवढी संतापलीय! घाबरून त्यांनी स्वतः उठून एसी अठरावर नेला. बाकीचे तासभर कुडकुडत होते. तेवढं मात्र मी मनापासून एन्जॉय केलं.

उद्या लेखी देणार आहे. काय झेपतं, काय नाही, किती वाजेपर्यंत, सगळं मुद्देसूद, एचआरला प्रत टाकून. माझं काम परत हवंय, आणि फायली ज्याला दया येते त्याने लावाव्यात.

शिवाय माझी हातांची खुर्ची. मी रजेवर असताना कुणीतरी पळवलीय, आणि कुणी ते मला पक्कं ठाऊक आहे. सूज आलेला हात टेकवायला लागते ती. तीपण लिहिणार आहे, नावासकट.