टेस्ट हँग झाली? पंचनामा नको, थेट अंत्यसंस्कार उरका

प्रोग्राम नीट चालतो का हे आपोआप तपासणारी टेस्ट अडकली की सर्वांत आधी रीरन (पुन्हा चालवा) दाबा. अडकलेली प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, अजून जिवंत असते. कोणता थ्रेड (प्रोसेसमधली कामाची एक धार) कोणतं लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरून बसलाय हे विचारलं तर ती सांगतेही. म्हणूनच विचारू नका.

मारायचीच तर किल -९ या कमांडनेच मारा, म्हणजे तिला काही बोलताच येत नाही. -३ दिलं तर जावाची प्रोसेस न मरता सगळ्या थ्रेड्सचे स्टॅक (कोण कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्याची यादी) छापते आणि गो भाषेतली प्रोसेस सगळ्या गोरूटीन्सचा (गोमधले हलके थ्रेड) हिशेब देऊन मग मरते. एवढं कोण वाचणार? शिवाय तिनापेक्षा नऊ मोठा.

टाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मर्यादा) वाढवा. १० मिनिटांत न सुटलेला डेडलॉक (एकमेकांसाठी अडून बसणं) ३० मिनिटांत सुटणारच! किंवा टाइमआउट लिहूच नका. टेस्ट आपोआप चालवणारं गिटहब ॲक्शन्स ३६० मिनिटांनी जॉब आपणहून बंद करतं, तेवढ्यात तुमची झोपही होते.

स्लीप(५), म्हणजे पाच सेकंद नुसतं थांबा. पुरलं नाही तर स्लीप(१०).

'फ्लेकी' (कधी पास, कधी नापास) असं लेबल लावून विषय मिटवा.

चाइल्ड प्रोसेस (एका प्रोसेसने सुरू केलेली दुसरी) सुरू करताना तिचं आउटपुट पाइपमध्ये (दोन प्रोसेसमधली नळी) घ्या, ते वाचू मात्र नका, थेट वेट() लावून ती संपायची वाट बघत बसा. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ केबी मावतात. तेवढं भरेपर्यंत सगळं हिरवंगार. भरलं की मूल लिहिता येत नाही म्हणून थांबतं आणि बाप मूल संपत नाही म्हणून थांबतो. मग हँग का होतं ते शोधायला कोणीतरी लॉगिंग (नोंदी छापणं) वाढवतं, म्हणजे तो पाइप आणखी लवकर भरतो! (हे शहाणपण करणारा मीच.) तीन आठवडे हा खेळ चालला. गेल्या गुरुवारी एकदाची ती अडकलेली टेस्ट जिवंत सापडली. ग्रुपवर लिहिलं, 'हात लावू नका, लॉगिन करतोय.' चार मिनिटं, फक्त चार मिनिटं लागली मला. तेवढ्यात एका महाशयांनी ती मारली, रीरन केली, वर 'ग्रीन झालं बघ' म्हणून अंगठा!

काय ग्रीन झालं? तुम्ही पुरावा जाळलात! पाय-स्पाय डंप (चालू पायथन प्रोसेसचा स्टॅक दाखवणारं साधन) आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), एका ओळीची कमांड, काही सेकंदांचं काम. बाप वेट()मध्ये बसलाय हे तिथल्या तिथे दिसलं असतं. शेवटी सोमवारी ती पुन्हा अडकली, तेव्हा दिसलं, आणि वेट()च्या जागी आउटपुट वाचत राहणारं कम्युनिकेट() लिहून दहा मिनिटांत काम संपलं. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या कॉन्फिगमध्ये फॉल्टहँडलर_टाइमआउट ही एक ओळ असती, तर रात्री कोणी जागं नसतानाही स्टॅक लॉगमध्ये आला असता. ती ओळ मी दोनदा सुचवली होती. दोन्ही वेळा 'नंतर बघू'. आता बघा. आज, आत्ता टाका ती ओळ. आणि कोणी 'हात लावू नका' लिहिलं असेल, तर त्या रीरनच्या बटणापासून हात लांब ठेवा.