‘पाणी तोडा, लघवी दाबायला शिकवा’ या मेसेजला उत्तर

लेकीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरला. “मोठं मूल सारखं लघवीला पळत असेल, चड्डी ओली करत असेल तर तो आळस आहे. पाणी कमी द्या. लघवी दाबून धरायची सवय लावा, मूत्राशय आपोआप मोठं होतं. घरी मोजमाप करत बसू नका, सोनोग्राफीत सगळं कळतं. वह्या भरल्या की मूल स्वतःला आजारी समजतं.” खाली धडाधड अंगठे. माझी लेक सात वर्षांची आहे. यातलं बरंचसं आम्ही तिच्यावर करून बसलो होतो, म्हणून हे लिहितेय.

आधी आळसाचं. डॉक्टर ज्याला ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात, त्यात मूत्राशय भरत असतानाच त्याचा स्नायू आवळतो. ते मुलाच्या हातात नसतं. माझी लेक लंगडी खेळता खेळता मध्येच उकिडवी बसायची, टाच लघवीच्या जागेवर घट्ट दाबून. ‘उठायचा कंटाळा’ म्हणून मी ओरडायचे. ती बिचारी गळू नये म्हणून जिवाच्या आकांतानं अडवत होती.

पाणी तोडायचा सल्ला तर सोलापुरात कुणी देऊच नये. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते, मूत्राशयाला आणखी चिडवते, शी कडक होते. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, हे सगळं खरं. पण कपात मुलाच्या बाटलीत नको. दिवसभर नीट पाणी द्या, झोपायच्या आधी बेतानं. काही कमी करायचंच असेल तर सकाळच्या चहा-बटरमधला चहा कमी करा.

‘दाबून धरायला शिकवा’ हा त्यातला सर्वांत घातक भाग. ही मुलं आधीच दाबून धरतात. सतत आवळून धरलेले खालचे स्नायू लघवी करतानाही सैल पडत नाहीत, थोडी लघवी आत उरते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं ते नेमकं उलटं: घाई लागायची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी जायचं, निवांत बसायचं, कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यायचा. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून लेक दिवसभर जायचीच नाही. भरलेली बाटली तशीच घरी यायची. तास चालू असतानाही लघवीला सोडावं अशी चिठ्ठी डॉक्टरांनी दिली, तेव्हा ते सुटलं.

आता मोजमापाचं. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. सोनोग्राफीत मूत्रपिंडं दिसतात, मूत्राशयाची जाडी दिसते, लघवी करून आल्यावर किती उरली ते कळतं. पण दिवसातून किती वेळा, किती मिली, कधी गळली, हे त्यात कुठून दिसणार? ते घरीच कळतं. आम्ही मापाच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग घेतला, तो फक्त त्याच कामाला. सुट्टीचे दोन दिवस निवडले. ते सलग असायलाच हवेत असं नाही. प्रत्येक वेळी तास, मिली, घाई होती का, कपडे ओले झाले का, आणि पाणी किती प्यायली, एवढंच लिहायचं.

मुलाच्या वयात 1 मिळवून 30 नं गुणलं की मूत्राशयात साधारण किती मावावं याचा अंदाज येतो. सात वर्षांना 240 मिली. लेकीचे दिवसाचे आकडे 60, 80, 70, आणि तेही अकरा वेळा. दिवसाला आठ किंवा त्याहून जास्त वेळा म्हणजे वारंवारच. पण सकाळी उठल्याबरोबरची लघवी 210 भरली. मूत्राशय लहान नव्हतंच! रात्री जे मावतं ते दिवसा मावू देत नव्हता तो आवळणारा स्नायू. मेसेजमधलं ‘मूत्राशय मोठं करा’ त्या एका आकड्यावर कोसळलं.

सोबत आठवडाभर शीचीही नोंद ठेवली. तिसऱ्या दिवशी एकदा, तीही लेंड्यांसारखी. इतकी वर्षं हे मला ठाऊकच नव्हतं, कारण पोर स्वतः जायला लागली की आई बघायचं सोडते. तुंबलेलं आतडं मूत्राशयावर मागून दाब देतं, म्हणून डॉक्टरांनी पहिला उपाय बद्धकोष्ठतेवर केला. मूत्राशय शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी शी आणखी कडक होऊ शकते, त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा.

वहीनं मूल स्वतःला आजारी समजतं, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ती वही पाहुण्यांसमोर काढली, ओल्या चड्डीसमोर लाल फुली मारली, तर मूल खचेलच. आमच्याकडे मगावरचा आकडा तीच वाचते, तीच लिहिते. “आई, आज 130!” हे तिनं न्हाणीघरातून ओरडून सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

एवढं मात्र खरं की वहीतून सगळं कळत नाही. ताप येऊन लघवीला जळजळ, लघवीत रक्त, धार बारीक किंवा दिवसभर थेंबथेंब गळणं, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका, चालण्यात फरक, किंवा अचानक खूप तहान लागून वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर दोन दिवसांची नोंद पुरी होईपर्यंत थांबू नका. तसंच उचलून मुलाला दाखवायला न्या.