प्रतिक्रियेला उत्तर : ‘वीजबिल शून्य’ आणि जुलैचा हिशेब

नमस्कार.

बाहेरून वीज न घेता फक्त सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणाऱ्या आमच्या घराबद्दल मी ‘आमचं वीजबिल शून्य’ हा लेख लिहिला होता. त्याखालची तुमची प्रतिक्रिया परवा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो, तेव्हा त्यातले निम्मे मुद्दे बरोबर निघाले. चार ओळींत भागणारं हे काम नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी : तुम्ही पुण्याचे निवृत्त विद्युत अभियंते. तुमचं म्हणणं असं, की 3 किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी 12 युनिट देतात आणि आम्ही वापरतो 4, म्हणजे दोन तृतीयांश वीज वाया. बॅटऱ्यांचा खर्च मी लपवला. नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, देऊन बिलातून वळती करून घेणं) घेतलं असतं तर बॅटरी लागलीच नसती, कारण ग्रिड म्हणजेच बॅटरी. आणि पडवीत जनरेटर ठेवून स्वतःला ‘स्वयंपूर्ण’ म्हणवणं ही धूळफेक. शेवटी अर्थिंगबद्दल एक ओळ, तिच्याकडे मी शेवटीच येतो.

आधी पैसे, कारण तिथे मी उघडा पडलोय. 2018 साली 335 वॅटचे 9 पॅनेल, सांगाडा, इन्व्हर्टर आणि वायरिंग मिळून 1 लाख 90 हजार. त्याबरोबर 150 अँपिअर-अवरच्या 4 ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्या, 56 हजार. त्या चार वर्षांत बसल्या, 17 हजारांना भंगारात दिल्या आणि 2022 मध्ये 2 लाखांची लिथियम बॅटरी घेतली. निव्वळ 4 लाख 29 हजार. रोज 4 युनिट धरले आणि ही बॅटरी 2032 पर्यंत टिकेल असं मानलं, तर 14 वर्षांत साधारण 20,440 युनिट होतात. म्हणजे युनिटला 21 रुपये! शून्य नव्हे. बिल येत नाही ते आगाऊ भरलंय म्हणून. तो मथळा लिहिताना मी जरा हवेत होतो. आज बदलतोय.

आता तुमच्या पारड्यात आणखी एक वजन टाकतो. आमचं घर दापोली तालुक्यात, वाडीपासून खाली, आंब्याच्या कलमांत. 2018 मध्ये तिथवर लाइन आणायला 9 खांब आणि सव्वादोन लाख स्वखर्च असा अंदाज मिळाला होता. त्यात 14 वर्षांची बिलं युनिटला सरासरी 8 रुपयांनी धरली, तरी बेरीज 3 लाख 88 हजारांच्या आसपास जाते. म्हणजे खांब टाकूनही मी चाळीस हजारांनी पुढे असतो. जनरेटरचं पेट्रोल तर अजून यात धरलेलंच नाही. आणि गंमत बघा, त्या बसलेल्या बॅटऱ्यांत बुडालेली रक्कम (56 वजा 17) जवळजवळ तेवढीच आहे. त्या बसल्या माझ्याच चुकीने. ती चूक कशी झाली ते सांगितलं, की तुमच्या 12 युनिटच्या सरासरीत काय राहून गेलंय तेही लक्षात येईल.

सरासरी कागदावर बरोबर आहे. मार्च-एप्रिलमध्ये आमचे पॅनेल 12-13 युनिट देऊ शकतात. पण घर सरासरीवर चालत नाही, त्या दिवशी जे पडेल त्यावर चालतं. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस एकाला एक जोडून आले की आमच्याकडे दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही. गेल्या जुलैतल्या सलग सहा दिवसांचे आकडे वहीतून जसेच्या तसे देतो : 2.1, 1.6, 2.4, 1.2, 1.9, 3.3. तुमच्या सरासरीत आणि यात जे अंतर आहे, त्यात आमचा अख्खा पावसाळा बसतो.

ट्युब्युलर बॅटऱ्या इथेच मेल्या. शिशाच्या बॅटरीला अर्धपोटी राहणं सोसत नाही. ती दिवसेंदिवस पूर्ण चार्ज झाली नाही, की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची जाते. डिस्टिल्ड वॉटर मी नेमाने घालत होतो, आतल्या आम्लाची घनता पाहायला हायड्रोमीटरही लावत होतो. पण झडीत आठवडाभर त्या निम्म्यावर पडून राहायच्या आणि मी समजायचो, ‘निम्म्याखाली जाऊ दिल्या नाहीत, म्हणजे सांभाळल्या.’ चार पावसाळ्यांत खेळ खलास. आताच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला अर्धवट भरून राहण्याचं दुःख नाही, हा तिचा खरा गुण. ‘सहा हजार सायकल’ (म्हणजे तितक्या वेळा भरून-उतरून टिकेल) वगैरे जाहिरातीतले आकडे मी फारसे मनावर घेत नाही. 2018 मध्ये मात्र ती मला परवडलीच नसती.

म्हणून तुम्ही ज्याला उधळपट्टी म्हणता ते जास्तीचे पॅनेल मी जाणूनबुजून ठेवलेत, आणि जमलं तर अजून तीन लावीन. बॅटरी वाढवून पावसाळा सुटत नाही, कारण तिला भरायला त्या दिवसांत काही शिल्लकच नसतं. आमची 10 युनिटची बॅटरी झडीत फार तर चार-पाच दिवस तग धरते. मार्चमध्ये दोन तृतीयांश वीज वाया जाते ती जुलैची किंमत म्हणून. तीही सगळी वाया जात नाही. विहिरीवरचा पंप फक्त दुपारी चालतो आणि टाकी भरून ठेवतो. ती टाकी ही माझी सर्वांत स्वस्त बॅटरी. घरघंटीही दुपारीच. आई हवामान खात्यापेक्षा बॅटरीच्या टक्क्यांवर जास्त विश्वास ठेवते, आणि 90 दिसल्याशिवाय दळण काढत नाही.

लेखात एक गोष्ट सांगायची राहिली होती. तुम्ही विचारली नाहीत, पण अभियंता म्हणून तुम्हाला आवडेल. आमचा मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता, नुसता चालू ठेवला तरी 45 वॅट खातो. चोवीस तासांचं एका युनिटहून जास्त झालं, म्हणजे आमच्या वापराच्या पाव हिस्सा! दोन वर्षं मी फ्रिजला दोष देत होतो. आता पावसाळ्यात रात्री दहाला मोठा इन्व्हर्टर बंद. दिवे, राउटर आणि दोन 12 व्होल्टचे पंखे एका लहान कन्व्हर्टरवर थेट बॅटरीतून चालतात. फ्रिजमध्ये बर्फाच्या बाटल्या ठेवल्या की सकाळपर्यंत दूध टिकतं. गीझर नाही, अंघोळीला बंब आहे, आणि लाकूडफाट्याला कलमांच्या छाटणीत तोटा नाही.

नेट मीटरिंगबद्दल : ज्याच्या दारात खांब आहे, त्याने तेच करावं. पुण्यातल्या गच्चीवर माझ्यासारखा खटाटोप करणं हा शुद्ध हौसेचा मामला. केंद्राच्या सूर्यघर योजनेतलं 3 किलोवॅटचं 78 हजारांचं अनुदानही ग्रिडला जोडलेल्यालाच मिळतं. पण ग्रिड म्हणजे बॅटरी, हे तुमचं वाक्य तुमच्याच विषयाच्या विरोधात जातं. पुरवठा गेला की साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून. हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे आगाऊपणा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आमच्या वाडीत महिनाभर वीज नव्हती. खांबच आडवे झाले होते. आमचे पॅनेल कसे वाचले ते मला अजून कळलेलं नाही. त्या महिन्याची किंमत वरच्या चाळीस हजारांत कशी धरायची, तेही नाही.

जनरेटर आहे, गेल्या पावसाळ्यात 26 तास चालला. ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द मागे घेतो.

बॅटरीच्या प्रदूषणाचा चिमटाही तुम्ही जाता जाता काढलाय. शिशाला भंगारात भाव मिळतो म्हणून ते परत येतं, पण ते कुठल्या भट्टीत वितळतं हे माझ्यासारखा विकणारा बघायला जात नाही. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. माझ्या लिथियममध्ये कोबाल्ट-निकेल नाही. खाणीच्या दृष्टीने ते बरं, पण त्याच कारणाने भंगारवाल्याला तिच्यात रस कमी. 2032 ला ती कोणाच्या गळ्यात घालायची, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आता तुमची शेवटची ओळ : ‘फोटोत पॅनेलच्या सांगाड्याची अर्थिंगची तार पन्हळीच्या पाइपाला बांधलेली दिसते.’ ती तशीच होती. फोटो मी काढला, शंभरदा पाहिला, पण मला दिसलं नाही. त्यातून तो पाइप जमिनीत फूटभरसुद्धा गेलेला नाही. अवकाळीच्या विजा आमच्याकडे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात हमखास कडाडतात. काल विहिरीच्या बाजूला, जिथे ओल टिकते तिथे, खड्डा घेतला. जांभा आहे, पहार उलटी येते, पाच फुटांवर माणसं थकली. उद्या उरलेलं खणून इलेक्ट्रोड (अर्थिंगची तार जोडायचा धातूचा दांडा) घालतो. दापोलीच्या एका वायरमनने अर्थ टेस्टर (अर्थिंगचा विद्युतरोध ओहममध्ये मोजणारं यंत्र) आणायचं कबूल केलंय. एप्रिलमध्ये जांभा कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा रीडिंग किती ओहमपर्यंत चढलेलं चालेल, आणि दुसरा खड्डा पहिल्यापासून किती लांब घ्यावा, एवढं सांगाल का? उद्याचं रीडिंग इथेच खाली टाकतो.