दहा मात्रांची कुपी आणि किटाचा दरवाजा

गेल्या पंधरवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक वाद रंगला. ऑक्टोबर 2022 मध्ये गोवंडीच्या रफीनगरात एकाच कुटुंबातली तीन बालके दोन दिवसांत दगावली होती आणि त्यानंतर मुंबई, भिवंडी, मालेगाव अशी गोवरची साथ पसरली होती. त्या आठवणीवरून विषय निघाला आणि लवकरच एका मागणीवर येऊन ठेपला. ज्या मुलाच्या कार्डावर गोवर-रुबेला लसीच्या दोन्ही मात्रांची नोंद नाही, त्याला अंगणवाडीत आणि शाळेत प्रवेश देऊ नये, आणि तरीही आईबाप वठणीवर आले नाहीत तर त्यांचे रेशन थांबवावे. मागणी करणाऱ्यांत एक डॉक्टर आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि माझे थोरले दीरही आहेत. मी गेली नऊ वर्षे जर्मनीत राहते आणि जर्मनीत जवळपास असाच कायदा आहे, त्यामुळे साहजिकच विचारणा माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे चालतो, मग आपल्याकडे का नको?" हा दिरांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर गटावर चार ओळींत देणे मला जमले नाही.

आधी हे स्पष्ट करते की इथला कायदा मला मान्य आहे. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत किटा, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी मिळून जी संस्था असते, तिथे एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवरची किमान एक आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दोन मात्रा दिल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. कायदा मोडणाऱ्याला 2,500 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. काही पालक याविरुद्ध घटनात्मक न्यायालयात गेले होते, पण 2022 साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या दिवशी किटाच्या संचालिकेने तिची पिवळी लसीकरण पुस्तिका उघडली, गोवरच्या रकान्यावरून बोट फिरवत दोन्ही तारखा पाहिल्या आणि मगच बाकीचे कागद हाती घेतले. पहिली तारीख महाराष्ट्रातली होती. आम्ही सुटीवर आलो असताना मुलीला नऊ महिने पूर्ण झाले आणि बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका असलेल्या माझ्या नणंदेनेच तिच्या उजव्या दंडात ती लस टोचली होती. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडच्या माता-बाल कार्डावरची तारीख पुस्तिकेत उतरवून घेतली, दुसरी मात्रा दुसरे वर्ष लागताच दिली आणि आपल्या सरकारी लसीत गालगुंडाचा भाग नसतो म्हणून तोही पुढे पूर्ण करून घेतला.

पण हा कायदा आला तो इथल्या एका विशिष्ट दुखण्यावरचा उपाय म्हणून, आणि ते दुखणे आपले नव्हे. लस बालरोगतज्ज्ञाकडे तयार होती, विम्यामुळे पैसे पडत नव्हते, ठरलेल्या वयात ठरलेल्या तपासण्या होत होत्या, आणि तरीही पालकांचा एक गट जाणूनबुजून नको म्हणत होता. हे पालक अडाणी नव्हते. त्यांच्यात प्राध्यापक होते, वास्तुविशारद होते, आणि बालपणीचे आजार अंगावर काढले की मूल आतून बळकट होते अशी त्यांच्यातल्या अनेकांची श्रद्धा होती. मुलाला मुद्दाम संसर्ग व्हावा म्हणून गोवर झालेल्या मुलाच्या घरी खेळायला नेण्याच्या प्रकाराला इथे 'गोवर पार्टी' असे नावच पडले होते. (आमची आजी 'गोवर पुरता अंगावर उठला पाहिजे, आत दबता कामा नये' असे म्हणत कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायची. जर्मन प्राध्यापक आणि आमची आजी यांचे इतके जुळेल असे वाटले नव्हते.) त्यातच ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 1998 साली लंडनमध्ये अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावरून लिहिलेल्या निबंधात लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला होता. तो निबंध 2010 साली मागे घेतला गेला आणि त्यांचा वैद्यकीय परवानाही गेला, पण संशय मागे घेता येत नाही. पुढे 2014-15 मध्ये बर्लिनमध्ये मोठी साथ आली, फेब्रुवारी 2015 मध्ये दीड वर्षाचा एक मुलगा तिच्यात मरण पावला, आणि सक्तीच्या चर्चेने तिथून जोर धरला.

आपल्याकडे नकार नाहीच असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा या लसीने मुले पुढे वंध्य होतात अशा ध्वनिफिती फोनवरून फिरत होत्या आणि काही वस्त्यांत शाळेच्या दारातून मुलांना परत नेले गेले. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 12 ते 23 महिन्यांच्या सुमारे 88 टक्के मुलांना गोवरची पहिली मात्रा मिळालेली आढळली. गोवरचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, म्हणून 95 टक्के मुले दोन्ही मात्रांनी संरक्षित असावी लागतात आणि त्या हिशेबाने 88 कमीच आहेत. पण उरलेल्या मुलांचे आईबाप लसविरोधक आहेत असे समजणे म्हणजे न पोचलेल्या पत्राचा राग पत्त्यावरच्या माणसावर काढणे होय.

ही मुले सुटतात कुठे? माझी नणंद सांगते की पहिली अडचण वेळापत्रकातच आहे. जन्मानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचणी असते, तोवर आई घरात असते आणि आशाताईंची फेरीही नेमाने होते. त्यानंतर थेट नवव्या महिन्यापर्यंत खंड पडतो आणि त्या साडेपाच महिन्यांत बरेच काही घडून जाते. पहिले बाळंतपण माहेरी झालेले असते, कार्ड आणि नाव तिथल्या उपकेंद्रात असते, आणि बाळ नऊ महिन्यांचे होते तेव्हा आई सासरी दुसऱ्या तालुक्यात नांदत असते. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांचा नववा महिना कारखान्याच्या हद्दीतल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, उजाडतो, आणि तिथे कोयता घेऊन पहाटे फडात गेलेल्या आईने एक दिवस लसीसाठी खाडा करायचा म्हणजे जोडीच्या मजुरीतून तो दिवस वजा करायचा. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत असते, तेव्हा तर मूल चालते-बोलते झालेले असते आणि टोचणीचे वय सरले असे घरात गृहीत धरलेले असते.

याहून मला अधिक बोचते ती कुपीची गोष्ट, कारण ती आपल्या वादात कधी येतच नाही. इथे डॉक्टरांच्या शीतकपाटातून एका मुलापुरती एक मात्रा निघते. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस पाच किंवा दहा मात्रांच्या कुपीत भुकटीच्या रूपात येते, तिच्यात द्रावक मिसळावे लागते, आणि एकदा मिसळले की चार तासांच्या आत ती वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. हा नियम अगदी योग्य आहे, कारण त्यानंतर तिच्यात जंतू वाढले तर टोचलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. आता सत्राच्या दिवशी समोर नऊ महिन्यांचे एकच बाळ आहे आणि कुपी दहाची आहे. एका मुलासाठीही कुपी उघडावी असे सरकारी मार्गदर्शिका सांगते, काही लस वाया जाणार हे हिशेबात धरलेलेही असते. पण वाया गेलेल्या मात्रांचा आकडा बैठकीत वाचून दाखवला जातो, आणि परत गेलेल्या आईचा आकडा कोणत्याही तक्त्यात नसतो. म्हणून 'पुढच्या महिन्यात या, चार-पाच मुले जमली की देऊ' असे सांगितले जाते. ती आई तीन किलोमीटर चालून आलेली असते, आणि पुढच्या महिन्यात ती येत नाही. नंतर सर्वेक्षणात तिच्या मुलापुढे 'लसीकरण अपूर्ण' अशी नोंद होते आणि आमच्या गटावर तिचे नाव 'बेजबाबदार पालक' असे पडते.

भीतीचेही तसेच आहे. या लसीनंतरचा ताप पहिल्या रात्री क्वचितच येतो, तो साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी सोबत बारीक पुरळ उठते. इथल्या डॉक्टरांनी मला तारखेनिशी सांगून ठेवले होते, म्हणून नवव्या दिवशी मुलगी तापली तेव्हा मी घाबरले नाही. ज्या आईला हे कुणी सांगितलेले नाही तिच्या लेखी लसीनेच गोवर आणला, आणि तिची जाऊ पुढच्या सत्राला येत नाही. आरोग्यसेविकेने प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात, त्यांतली दुष्परिणामांची एक. सकाळी साठ मुले दाराशी असताना त्या एका गोष्टीला किती क्षण मिळतात, हे मी त्या उपकेंद्राच्या पायरीवर बसून पाहिले आहे.

तेव्हा भाऊजी, किटाचा दरवाजा अडवून लस वाढते, कारण तो दरवाजा पालकांना हवा असतो आणि लस त्यांच्या हाताशी असते. तरीही शिक्षण सक्तीचे असल्यामुळे शाळेचा दरवाजा इथेही कुणी अडवू शकत नाही, तिथे फक्त दंड आहे. अंगणवाडीचा दरवाजा अडवला तर काय अडते? तिथे पोषण आहार आहे, तिथे वजनकाटा आहे, आणि नवव्या महिन्याच्या लसीबरोबर चमच्याने पाजायच्या अ जीवनसत्त्वाची आठवणही बहुधा अंगणवाडीताईच करून देते. गोवर जीव घेतो तो बहुतेक वेळा न्यूमोनियाने किंवा जुलाबाने, आणि कुपोषित, अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलाला तो सर्वांत आधी गाठतो. लस न मिळालेल्या मुलाला आहारापासून तोडणे, रेशन बंद करणे, हे त्याला गोवरच्या तोंडी देण्यासारखे आहे. खासगी शाळांच्या बालवर्गांत कार्ड तपासायचे असेल तर माझी हरकत नाही, तिथल्या पालकांना दवाखाना गाठता येतो. सक्ती करायचीच असेल तर आधी ती यंत्रणेवर करा. एका मुलासाठी कुपी उघडलीच पाहिजे आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारला जाणार नाही, असे लेखी द्या, आणि कारखान्यांच्या तळांवर हंगामाच्या पहिल्याच महिन्यात सत्र लावा.

हे सगळे लिहिण्याआधी मी नणंदेला फोन केला होता. त्या मंगळवारी तिच्याकडे यादीतली पाच मुले यायची होती, दोन आली. तिने कुपी उघडली, लेबलवर पेनने 10.40 अशी वेळ लिहिली आणि आशाताईंना उरलेल्या तिघांच्या घरी धाडले. एका घरी कुलूप होते, टोळी बेळगावकडे गेली होती. एक आई माहेरी होती. तिसरी दीडच्या सुमारास बाळाला घेऊन आली, शेतातून तशीच, हाताला माती. अडीच वाजून गेल्यावर उरलेल्या सात मात्रा टाकून दिल्या आणि रजिस्टरात तसे लिहिले, असे नणंद म्हणाली. या महिन्याच्या बैठकीत त्या सातांबद्दल तिला विचारले जाईल.