पॅलेटवरचा शिक्का : पिंपळगावच्या बागाईतदारांना उत्तर

नमस्कार भाऊ,

लाकडी पॅलेटवर, म्हणजे मालाखालच्या फळ्यांच्या चौकटीवर, लाकडातली कीड मारल्याची खूण म्हणून जो शिक्का मारतात, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं असं : द्राक्षं शून्य अंशाच्या कंटेनरमधून जातात, तिथं लाकडातली कीड जगेलच कशी? मग लाकूड तापवून शिक्का मारायचा खर्च म्हणजे श्रीमंत देशांनी आपला माल अडवायला काढलेलं खुसपट, आणि मी त्यांची वकिली करतोय. शिवाय ‘एकदा शिक्का बसला की पॅलेट जन्मभर चालतं’ असं मीच लिहिलं, तर पॅकहाऊसवाला दर हंगामाला नव्या पॅलेटचे पैसे का लावतो?

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं चूक माझी आहे. शिक्क्याला मुदत नसते हे खरं, पण पॅलेट जसंच्या तसं असेल तरच. एक फळी बदलली, तरी ती नवी फळी प्रक्रिया केलेली हवी आणि तिच्यावर तिचा स्वतःचा शिक्का हवा. एक तृतीयांशाहून जास्त लाकूड बदललं, तर जुने शिक्के काढून टाकायचे, अख्खं पॅलेट पुन्हा तापवायचं आणि नव्यानं शिक्का घ्यायचा. हे मी गाळलं होतं. लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे. राहिला पैशांचा प्रश्न. तुमची पॅलेट्स द्राक्षांबरोबर परदेशी जातात आणि तिकडेच राहतात, म्हणून दर हंगामाला नवी लागतात.

आता थंडी. तुमच्या बागेत खोडकिडा लागला की बुंध्याशी भुसा पडतो, मग तुम्ही भोक शोधून तार घालून अळी उकरून काढता. आशियाई लांबशिंग्या भुंगा त्याच घराण्यातला. त्याचा मूळ मुलूख चीन आणि कोरिया, आणि तिथला बर्फाचा हिवाळा त्याची अळी खोडाच्या आत बसून काढते. शून्य अंशाचं तिला काय? १९९६ मध्ये हा भुंगा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या मेपलच्या झाडांत सापडला. तो मालाच्या लाकडी पॅकिंगमधूनच आला असं मानलं जातं. लागण झालेली उभी झाडं तोडून त्यांचा भुगा करावा लागला. बहरातली बाग डोळ्यांदेखत तोडावी लागली तर काय वाटेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून २००२ मध्ये आयएसपीएम-१५ हे लाकडी पॅकिंगसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. लाकडाची साल काढायची, आणि गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे. गाभ्यात, हे महत्त्वाचं. नाशिकच्या सातपूरला एका भट्टीवर मी हे उभं राहून पाहिलंय. सगळ्यात जाड ठोकळ्याला भोक पाडून सेन्सरची तार आत सरकवतात आणि भोक बंद करतात. खोलीतली हवा सत्तरीच्या पुढे गेली होती, ओल्या लाकडाचा उग्र वास सुटला होता, आणि ठोकळ्याच्या पोटातला आकडा अजून चाळिशीतच रेंगाळत होता. तुम्ही पैसे मोजता ते त्या उरलेल्या वेळाचे. जो ती वाट न पाहता कच्च्या लाकडावर शिक्का मारून देतो, तो तुम्हाला फसवतो. तुमचा राग त्याच्यावर निघायला हवा.

श्रीमंत देशांचा डाव हे मात्र मला पटत नाही. आपल्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली बाहेरून भारतात येणाऱ्या मालाच्या लाकडी पॅकिंगलाही हेच बंधन आहे, आणि ते तुमच्याच बागा राखायला. शिवाय प्लायवूडला आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या पातळ लाकडाला सूट आहे. माल अडवायचाच असता तर अशा पळवाटा कुणी ठेवल्या नसत्या.

मी वकिली करतो म्हणालात, तर माझ्यावर काय गुदरलं तेही ऐका. नाशिकच्याच अंबड भागातल्या एका कारखान्यात मी डिस्पॅच पाहत होतो. अमेरिकेला एक मशीन पाठवलं. खोका चोख, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना एचटीचा, म्हणजे लाकूड तापवल्याचा, ठसठशीत शिक्का. पण मशीन हलू नये म्हणून भरणाऱ्यांनी आयत्या वेळी खाली बाभळीच्या चार पाचरी ठोकल्या, सालीसकट. मीही पाहिलं आणि गप्प बसलो, कारण गाडी निघायची घाई होती. तिकडच्या बंदरावर खोका उघडला आणि त्या चार पाचरींपायी कंटेनर परत आला. मशीनवर ओरखडासुद्धा नव्हता. जाण्या-येण्याचं भाडं आमच्या बोडक्यावर बसलं आणि गिऱ्हाईकही तुटलं.

तेव्हा भाऊ, पुढच्या हंगामात कंटेनर भरताना तिथं थांबा. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, भारताचं ‘आयएन’, बनवणाऱ्याचा नंबर आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ (तापवण्याऐवजी मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेलं) ही अक्षरं आहेत का बघा. हातानं लिहिलेलं चालत नाही. आणि दार लावायच्या आधी एकदा वाकून खाली बघा, कुणी आधाराला एखादा कच्चा ठोकळा सारलाय का.