त्या सभागृहात कोण कोण बसले होते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ब्रिटनच्या जुन्या रंगमंचीय विनोदवीरांवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ती रागाने लिहिलेली असली तरी विचार करून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला बरे वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : मॅक्स मिलर, केन डॉड आणि लेस डॉसन यांचे मी केलेले कौतुक हे निव्वळ स्मरणरंजन आहे, सासू, बायको आणि परदेशी माणूस यांच्यापलीकडे या मंडळींना विषयच नव्हता, यूट्यूबवर त्यांना पाहताना आपल्याला एकदाही हसू आले नाही, आणि सत्तरच्या दशकात आपले वडील मिडलँड्समधल्या एका कारखान्यात कामाला असताना टीव्हीवरच्या 'द कॉमेडियन्स' या विनोदी कार्यक्रमातले विनोद दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तोंडावर फेकले जात. शेवटी आपण विचारले आहे, की 'त्या काळी त्यात द्वेष नव्हता' हे वाक्य मी कोणत्या अधिकाराने लिहिले.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ते वाक्य मी मागे घेतो. इंग्लंडमध्ये मी काही वर्षे राहिलो, परंतु फार नंतर, आणि ज्या विनोदांचा रोख माझ्याकडे नव्हता त्यांच्यातला द्वेष मोजण्याचे काम मी परस्पर उरकून टाकले, ही माझी चूक झाली. आपल्या वडिलांना जे ऐकून घ्यावे लागले ते 'त्या काळाचा प्रश्न' म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तेही त्याच काळात होते.

मात्र आपण सर्वांना एकाच गाठोड्यात बांधले आहे आणि तिथे माझा मतभेद आहे. मिलर मे १९६३ मध्ये वारला. ग्रॅनडा टेलिव्हिजनने 'द कॉमेडियन्स' सुरू केले १९७१ मध्ये. या आठ वर्षांच्या अंतराहून मोठा फरक जागेचा आहे. मिलर हा 'व्हरायटी' थिएटरांचा माणूस. तिथे एका रात्रीत दोन खेळ होत; कसरतपटू, गायिका, जादूगार आणि शिकवलेली कुत्री यांच्यामध्ये विनोदी नटाच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटे येत, आणि दर आठवड्याला गाव बदलत असल्यामुळे तीच वीस मिनिटे घासूनपुसून वर्षानुवर्षे चालत. १९५५ मध्ये व्यापारी दूरदर्शन आल्यावर आधीच डळमळलेली ही थिएटरे भराभर बंद पडत गेली. 'द कॉमेडियन्स'मध्ये झळकलेले बहुतेक जण आले ते उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या क्लबांतून, जिथे बिअरचे पेले आणि बिंगोचे आकडे यांच्या मध्ये आपला आवाज पोहोचवावा लागे आणि समोर बसलेले लोक एकाच वस्तीतले, एकमेकांना ओळखणारे आणि बहुधा एकाच वर्णाचे असत. अशा ठिकाणी सर्वांना चटकन एकत्र हसवायचे तर जो खोलीत नाही त्याच्यावर हसवणे सर्वांत सोपे पडते, असे माझे मत आहे. व्हरायटीवाले संत होते असा याचा अर्थ नव्हे. तोंडाला काळे फासून गाणारे कलावंत त्याच मंचावर दशकानुदशके सन्मानाने वावरले, आणि तशाच वेशातला संगीताचा कार्यक्रम बीबीसीने १९७८ पर्यंत चालवला.

आता हसू न येण्याविषयी. यूट्यूबवर डॉड पाहून हसू आले नाही, यात आपला दोष नाही आणि माझ्या मते त्याचाही नाही. मी त्याचा कार्यक्रम प्रत्यक्ष एकदाच पाहिला, त्याच्या अखेरच्या वर्षांत, लँकेशरमधल्या एका थिएटरात. सात वाजता सुरू झालेला कार्यक्रम मध्यरात्र उलटल्यावर संपला, आणि हे नेहमीचेच असल्यामुळे शेजारचे वृद्ध जोडपे सँडविच आणि थर्मास घेऊनच आले होते. पहिला अर्धा तास मी आपल्यासारखाच ढिम्म बसून होतो. विनोद शाळकरी होते आणि काही तर मला आधीपासून ठाऊक होते. पण त्याची गती अशी, की पहिल्या विनोदाचे हसू ओसरण्याआधी दुसरा येऊन आदळे, हसावे की नाही हे ठरवायला सवडच मिळत नसे, आणि दीड-दोन तासांनी केव्हातरी माझ्यातला परीक्षक दमून झोपी गेला. त्यानंतर मी ज्या वाक्यांवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, त्यांतले एकही इथे लिहून दाखवण्याच्या लायकीचे नाही. 'घरी पळून गेलात तरी मागोमाग येईन आणि दाराच्या टपालफटीतून विनोद ओरडत राहीन,' अशी धमकी तो प्रेक्षकांना नेहमी देई, आम्हालाही मिळाली. साडेतीन मिनिटांच्या चित्रफितीत या दमवण्याचा मागमूसही राहत नाही.

यामागे केवढी मेहनत होती हे लेखात सांगायचे राहून गेले. कोणत्या गावात कोणता विनोद कसा उतरला याच्या नोंदी डॉड आयुष्यभर वह्यांमध्ये करत राहिला. विनोदाच्या तत्त्वज्ञानावरची पुस्तकेही त्याने वाचली होती, आणि त्या वाचनातूनच त्याचा तो प्रसिद्ध शेरा आला, की फ्रॉइडची अडचण एवढीच, की शनिवारी रात्री ग्लासगो एम्पायरमध्ये दुसरा खेळ करण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. (ग्लासगोचे ते थिएटर इंग्लिश विनोदवीरांची स्मशानभूमी म्हणून ओळखले जाई.) लिव्हरपूलच्या नॉटी ॲश भागातल्या ज्या घरात तो १९२७ मध्ये जन्मला त्याच घरात २०१८ मध्ये वारला, आणि त्याचा शेवटचा प्रयोग २०१७ च्या डिसेंबरअखेरीस झाला. १९७९ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'कॉमेडी स्टोअर' हा विनोदाचा क्लब उघडला आणि तिथल्या तरुणांनी या साऱ्यांना गाडून टाकले, असे आपण लिहिले आहे. डॉडच्या बाबतीत तरी गाडण्याचे हे काम ३८ वर्षे लांबले.

मिलरचा मात्र एक प्रयोग आजही जवळजवळ प्रत्यक्ष ऐकता येतो. १९३८ मध्ये लंडनच्या होबर्न एम्पायरमध्ये तो प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केला गेला (पुढे १९४१ मध्ये बॉम्बने ते थिएटरच नष्ट झाले). आपल्याला विनंती आहे, की तो ऐकताना मिलरकडे नव्हे, तर प्रेक्षकांकडे कान द्यावा. फुलाफुलांचा भडक सूट आणि पांढरी हॅट अशा थाटात तो येई, दोन वह्या दाखवी, एक पांढरी आणि एक निळी, आणि कोणती हवी ते विचारी. इंग्रजीत चावटपणाचा रंग निळा. 'ब्ल्यू फिल्म'मधला निळा तोच. लोक अर्थातच निळी वही मागत. मग तो एखादे कवन सुरू करून शेवटच्या यमकापाशी थांबे. तो शब्द त्याने उच्चारलेला नसे; प्रेक्षकांच्या मनात मात्र तो उमटून गेलेला असे, आणि हशा फुटला की तोच उलट त्यांना झापे, की तुमच्यासारख्या लोकांमुळेच माझी बदनामी होते. सोंगाड्याच्या बतावणीवर वाढलेल्या मराठी माणसाला ही खुबी उलगडून सांगण्याची गरज नाही. न बोललेल्या शब्दाला थिएटरचा व्यवस्थापक किंवा परवाना देणारी नगरसमिती काय करणार? त्या ध्वनिमुद्रणात स्त्रियांचे हसणे पुरुषांच्या इतकेच मोठे ऐकू येते. त्या भिडेखातर हसत होत्या असे आपण म्हणाल, तर मला ते खोडून काढता येणार नाही. पण ऐकून तसे वाटत नाही, एवढे नोंदवतो. चावटपणा हा त्या मंचावर केवळ पुरुषांचा मक्ताही नव्हता. मिलरच्या आधी मारी लॉइड ही गायिका तेच करत होती आणि लोक तिला डोक्यावर घेत होते. १९१२ च्या पहिल्या शाही प्रयोगातून वगळले गेले ते तिलाच.

सासूच्या विनोदांचा आपला मुद्दा मला सर्वांत रोचक वाटला, कारण इथे आपण दोघेही मराठीतली सासू इंग्रजीत घेऊन जातो आहोत, अशी मला शंका येते. जात्यावरच्या ओवीतली सासू ही नवऱ्याची आई आहे. तक्रार करते ती सून, म्हणजे घरातले सर्वांत दुबळे माणूस. डॉसनची सासू बायकोची आई आहे आणि तक्रार करतो जावई, म्हणजे आपल्याकडे ज्याचे पाय धुतले जातात तो मानकरी. त्यामुळे त्याची कुरकुर आपल्याला माजोरी वाटते. पण युद्धानंतरच्या घरटंचाईत इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांत कितीतरी नवी जोडपी मुलीच्या आईच्याच घरी संसार सुरू करत आणि स्वतंत्र घर मिळाले तरी ते तिच्या हाकेच्या अंतरावर असे. भाडेवसुली करणाऱ्याशी ओळख तिची, नातवंडांवर हुकूम तिचा. थोडक्यात, हा घरजावयाचा विनोद आहे. हे ध्यानात घेतले तरी डॉसनच्या सासूच्या विनोदांचा मला कंटाळाच येतो, हे कबूल करतो. एकच साचा त्याने फार वेळा वापरला.

पण तो तेवढाच होता असे म्हणणे अन्याय्य ठरेल. रात्रीच्या आकाशाचे वर्णन तो एखाद्या जुन्या कादंबरीकाराच्या थाटात सुरू करी. चंद्राचा रथ आणि तारकांची आरास यांच्यावर अलंकारांमागून अलंकार चढवत नेई, आणि हे सारे पाहून आपल्या मनात काय आले, तर शौचकूपाला आता छप्पर घालायला हवे, असे म्हणून तो सारा डोलारा धाडकन खाली आणी. मँचेस्टरच्या कॉलीहर्स्टसारख्या गरीब वस्तीत वाढलेल्या माणसाने उच्चभ्रू भाषेची आणि स्वतःच्या घराची अशी एकाच दमात खिल्ली उडवली, याचे मोल मला मोठे वाटते. रॉय बॅराक्लफबरोबर तो रंगवत असलेल्या सिसी आणि एडा या दोन प्रौढ शेजारणीही आपण 'स्त्रियांची टिंगल' या सदरात टाकल्या आहेत. त्यांच्या आधीचा विनोदी नट नॉर्मन इव्हान्स याने रंगवलेल्या, कुंपणावरून गप्पा मारणाऱ्या बाईपासून चालत आलेली ही परंपरा आहे. एडा एखाद्या नाजूक दुखण्याविषयी बोलू लागली की आवाज बंद होतो आणि केवळ ओठ हलत राहतात. ते डॉसनने कल्पनेने रचलेले नाही. लँकेशरच्या कापडगिरण्यांत मागांच्या खडखडाटामुळे बायका ओठांवरून बोलणे ओळखत आणि तीच सवय घरी येत असे. गिरणगावातल्या साचेखात्यात ज्यांच्या घरच्यांची हयात गेली, त्यांना याचे नवल वाटणार नाही. ती टिंगल असेलही. पण ती जवळून पाहिलेल्या बायकांची आहे.

चार्ली विल्यम्सविषयी आपण काहीच लिहिलेले नाही आणि मीही लेखात त्याला एका ओळीत उरकले होते. 'द कॉमेडियन्स'मधला हा कृष्णवर्णीय विनोदवीर बार्न्सलीजवळच्या रॉयस्टनचा. पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेला, नंतर डॉन्कास्टर रोव्हर्सकडून फुटबॉल खेळलेला, आणि बोलायला अस्सल यॉर्कशरी. कोणी गोंधळ घातला तर तो म्हणे, गप्प बसा, नाहीतर तुमच्या शेजारी राहायला येईन. या एका वाक्यावर माझे मत आजवर पक्के झालेले नाही. काळा शेजारी आला की घराचे मोल उतरते ही समोरच्यांच्या मनातली भीती तो त्यांनाच दाखवतो, हे खरे. पण ती भीती रास्त असल्यासारखे हसण्याची परवानगीही देऊन टाकतो. त्याच्या चित्रफिती मला सलग पाहवत नाहीत. मात्र १९७१ मध्ये त्या मंचावर उभे राहण्यासाठी दुसरा कोणता मार्ग त्याच्यापुढे खुला होता, याचे उत्तर मला घरबसल्या देता येत नाही.

'द कॉमेडियन्स'मधल्याच बर्नार्ड मॅनिंगच्या बाबतीत अशी द्विधा मनःस्थिती नाही. वाक्य कुठे तोडावे याची त्याची जाण डॉडच्या तोडीची होती, आणि म्हणूनच त्याचा गुन्हा मला अधिक मोठा वाटतो. मी प्रत्यक्ष प्रयोगाच्या बाजूने इतके लिहिले, त्याला सर्वांत मोठा छेद देणारे उदाहरण त्याचेच आहे. डिसेंबर १९९४ मध्ये डर्बीच्या एका हॉटेलात पुरुषांच्या मेजवानीसाठी त्याला बोलावले होते. तिथे वाढणाऱ्या दोन कृष्णवर्णीय तरुणींना त्याचे वांशिक आणि अश्लील विनोद, तेही त्यांनाच उद्देशून, ऐकावे लागले. त्यानंतर काही पाहुण्यांनीही त्यांची छेड काढली. त्यांनी दाद मागितली आणि १९९६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हॉटेललाच जबाबदार धरले, कारण त्यांना तिथून हलवणे व्यवस्थापनाच्या हातात होते. पुढे २००३ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने (तेव्हा ब्रिटनमधले सर्वोच्च न्यायालय तेच होते) त्या निकालाचे कायदेशीर तर्कशास्त्र अमान्य केले, तो भाग वेगळा. डॉडच्या पाच तासांतून मला उठून जाता येत होते. त्या दोघी कामावर होत्या, आणि आपले वडीलही यंत्रावर होते.

लेखातले ते वाक्य मी आज काढून न टाकता खोडून ठेवले आहे आणि खाली आपल्या प्रतिक्रियेचा निर्देश केला आहे. मिलर, डॉड आणि डॉसन यांच्याविषयीचा बाकी मजकूर तसाच ठेवतो. आपले वडील आता निवृत्त असून त्यांना ते दिवस स्पष्ट आठवतात, असे आपण लिहिले आहे. त्यांची हरकत नसेल तर एक गोष्ट विचारून कळवावी : चार्ली विल्यम्सचे ते शेजाराचे वाक्य कारखान्यात त्यांना ऐकवले गेले होते का, की कधी त्यांनीच ते कोणाला ऐकवले होते?